खटाव तालुक्याच्या इतिहासातली महत्त्वाची माणसं आणि ठिकाणं कोणती?

तुम्ही लिहिलंय की आजोबा गलाईच्या धंद्यापायी खटावहून तमिळनाडूत गेले आणि आता गावाकडचं सांगणारं घरात कुणी उरलं नाही. खटाव, माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली कित्येक घरं अशीच सोनं-चांदी गाळायला मुलूखभर पांगलीत. मी वडूजकडचा, म्हणून लिहितो.

आधी एक करा, आजच्या तालुक्याचा नकाशा बाजूला ठेवा आणि औंध संस्थान धरून शोधा. जेमतेम ७२ गावांचं संस्थान, तेही सलग नाही. औंध इकडे खटावात, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडेच. म्हणून औंधच्या निम्म्या गोष्टी आज सांगली जिल्ह्यात सापडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांची बेळगावातली जागा गेली, तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हे भवानराव म्हणजे भलतीच वल्ली. राजा, पण बी. ए. झालेला, चित्रं काढणारा, कीर्तनाला उभा राहणारा. संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार चक्क गावपंचायतींच्या हाती सोपवला. मुलगा अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनियर यात पुढे होते. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, कैद्यांची खुली वसाहत. भिंती नाहीत, कैद्यांनी शेती करायची. 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमाची कथा यावरूनच सुचली. ती लिहिणारे गदिमा औंधच्याच शाळेत शिकलेले. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. वेदांचे अभ्यासक पं. सातवळेकर यांचं स्वाध्याय मंडळही औंधातच होतं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर ते गुजरातेत पारडीला गेले.

औंधला गेलात तर यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय चुकवू नका. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, आणि हेन्री मूरचं दगडातलं 'माता आणि मूल'सुद्धा. लंडन-पॅरिसात शोभावं असं शिल्प खटावच्या माळावर! गर्दीही नसते, निवांत बघता येतं. अंतूबुवा जोशींनी सुरू केलेला संगीत महोत्सव आश्विनात असतो, जमलं तर तेव्हाच या.

बाकी ठिकाणं थोडक्यात. वडगावला जयरामस्वामी, दासपंचायतनातले, म्हणजे समर्थ रामदासांसह धरल्या जाणाऱ्या पाच संतांपैकी एक. पुसेगावला सेवागिरी महाराजांची रथयात्रा. लोक रथाला नोटांच्या माळा बांधतात, लाकूड दिसत नाही इतक्या. भूषणगडावर हरणाई देवी. मायणीचा तलाव पक्ष्यांसाठी.

वडूजची गोष्ट मात्र वेगळी. ते ब्रिटिश मुलखात होतं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथल्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला. वडगावचे परशुराम घार्गे तिरंगा हातात असताना पडले. इथली जुनी माणसं आजही ती तारीख विसरत नाहीत.

तुमच्या गावाचं नाव प्रश्नात नाही, तेवढं कळवा. गाव औंधच्या हद्दीत होतं की ब्रिटिशांच्या, यावर आजोबांचे कागद कुठल्या दप्तरात शोधायचे ते ठरेल. जुने कागद मोडीत असणार, तेव्हा वाचणारा माणूसही आधीच बघून ठेवा.