वाचकांचे प्रश्न : फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी लेन्स निवडताना

प्रश्न : क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा सोडून २४ मेगापिक्सलचा फुल-फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरचा) घेतला आहे. जुनी १८-५५ मिमीची लेन्स त्यावर लावली तर चालेल का? निसर्गचित्रं आणि माणसांचे फोटो, एवढंच करतो. सध्या दोनच लेन्स घ्यायच्या आहेत.

उत्तर : जुनी १८-५५ बसेल, पण उपयोग नाही. कॅमेरा आपोआप सेन्सरचा फक्त मधला भाग वापरेल आणि २४ पैकी जेमतेम १० मेगापिक्सल हाती लागतील. दीडपट क्रॉपवर तुमच्या १८-५५ मधून जेवढं दृश्य दिसत होतं, तेवढंच फुल-फ्रेमवर साधारण २७-८२ मधून दिसेल. म्हणजे तुमच्या सवयीची लेन्स आता २४-१०५ किंवा २४-१२० एफ/४ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). ही पहिली. निसर्गचित्रांसाठी एफ/२.८ चं ओझं वाहायचं कारण नाही. ट्रायपॉडवर एफ/८ किंवा एफ/११ लाच काम होतं.

दुसरी लेन्स माणसांसाठी. तिथे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) ठरवण्याआधी आपण कुठे उभे राहणार ते ठरवा. चेहऱ्याची ठेवण अंतरावरून बदलते, लेन्सवरून नाही. हिशेब सोपा आहे. कॅमेरा उभा धरला की सेन्सरची उंची ३६ मिमी. चौकटीत किती उंचीचा भाग हवा, त्याला फोकल लेंग्थने गुणा आणि ३६ ने भागा. डोकं आणि खांदे म्हणजे साधारण ६० सेमी. त्यासाठी ३५ मिमीने ५८ सेमीवर, ५० ने ८३ सेमीवर, ८५ ने १.४ मीटरवर आणि १३५ ने सव्वादोन मीटरवर उभं राहावं लागतं. नाकाचं टोक कानापेक्षा १२ सेमी पुढे आहे असं धरलं, तर ५८ सेमीवरून नाकाकडचा भाग कानाकडच्या भागापेक्षा सुमारे २० टक्के मोठा उमटतो. १.४ मीटरवरून हाच फरक आठ-नऊ टक्क्यांवर येतो. ‘३५ ने चेहरा बिघडतो’ म्हणतात ते अर्धंच खरं आहे. बिघडतो तो जवळ गेल्याने. त्याच ३५ ने दोन मीटरवरून पूर्ण उंचीचा फोटो काढा, चेहरा अगदी ठीक येतो.

आता खोलीचा विचार करा. माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर चौकटीत दोन मीटर हवेत. ८५ ने त्यासाठी ४.७ मीटर मागे जावं लागतं, १३५ ने साडेसात. घरात फोटो काढणार असाल तर १३५ कपाटातच राहील. बहुतेकांना ८५ एफ/१.८ पुरते. ती एफ/१.४ पेक्षा बरीच हलकी असते, आणि दोघींतला फरक पाऊण स्टॉपहूनही कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

प्रश्न : ८५ एफ/१.८ की ७०-२०० एफ/४? पार्श्वभूमी जास्त कुठे विरघळेल?

उत्तर : इथे एफचा आकडा फसवतो. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तो लेन्सच्या छिद्राचा व्यास. ८५ ला १.८ ने भागलं की ४७ मिमी. २०० ला ४ ने भागलं की ५० मिमी. चेहऱ्यावर फोकस असताना खूप दूरचा दिवा फोटोत गोल ठिपका होऊन येतो, आणि हा ठिपका चेहऱ्याच्या मापाने बरोबर त्या छिद्राएवढा असतो. चेहऱ्याची रुंदी १४ सेमी धरली तर ८५ एफ/१.८ मध्ये मागचा दिवा चेहऱ्याच्या एक-तृतीयांश रुंदीचा दिसेल, आणि २०० एफ/४ मध्येही जवळपास तेवढाच. १०५ एफ/४ मध्ये तो २६ मिमीचा, म्हणजे जेमतेम अर्धा.

पण हे पार्श्वभूमी फार दूर असेल तेव्हाच. माणसामागे मीटरभरावर भिंत असेल तर ८५ एफ/१.८ ती जास्त पुसते. शिवाय एफ/४ वर सव्वादोन स्टॉप उजेड कमी मिळतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० वर होणारं काम २००० वर जातं. उलट ७०-२०० डोंगरातही कामाला येते. बाहेर, दिवसाउजेडी आणि थोड्या अंतरावरून फोटो काढणाऱ्याने ७०-२०० घ्यावी. घरात आणि संध्याकाळी काढणाऱ्याने ८५.

प्रश्न : १६-३५ हौसेने घेतली. डोळ्यांना भव्य दिसणारे डोंगर फोटोत मात्र मुंगीएवढे येतात.

उत्तर : लेन्स ठीक आहे, काम चुकीचं दिलंय. पाच किलोमीटरवरचा ५०० मीटर उंच डोंगर १६ मिमीने सेन्सरवर १.६ मिमी उंच पडतो. आडव्या चौकटीची उंची २४ मिमी, म्हणजे डोंगर तिचा पंधरावा भाग. तोच ७० ने ७ मिमी होतो. दूरचं मोठं दिसायला हवं असेल तर ७० ते २०० काढा. निसर्गचित्र म्हणजे वाईड लेन्स, हे समीकरण डोक्यातून काढून टाकलेलं बरं.

१६ मिमीचं खरं काम पायाशी असतं. दगड, फुलं, पाण्याची वळणं यांच्या इतकं जवळ जा की गुडघे टेकावे लागतील. पुढची वस्तू अर्ध्या मीटरवर आणि मागे डोंगर, अशी रचना हवी. एफ/११ वर १६ मिमीने ८० सेमीवर फोकस केला तर साधारण ४० सेमीपासून क्षितिजापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. २४ मिमीला हेच अंतर १.८ मीटर, आणि स्पष्टता ९० सेमीपासून. हे आकडे ‘स्पष्ट’ कशाला म्हणायचं याच्या जुन्या, सैल मापाचे आहेत. ४५ मेगापिक्सलवर मोठी प्रिंट काढायची असेल तर फोकस थोडा पलीकडे घ्या. २४ मिमीला एफ/११ ठेवून २.४ मीटरवर. जवळचं किंचित मऊ (अस्पष्ट) आलं तरी डोळा सोडून देतो, पण क्षितिज मऊ आलं की लगेच खटकतं.

एक सावधगिरी. २४ मिमीपेक्षा वाईड लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून मोकळं आकाश घेऊ नका. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त आणि इतरत्र कमी असतो. एवढ्या रुंद चौकटीत आकाशाच्या मध्येच गडद निळा पट्टा उमटतो, आणि तो नंतर काढणं डोकेदुखी. ओल्या खडकांची किंवा पानांची चमक काढायला मात्र खुशाल वापरा. फिल्टर सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा, म्हणजे बहुधा ७७ किंवा ८२ मिमीचा घ्या आणि लहान लेन्सना तो बसवण्यासाठी स्टेप-अप रिंग लावा.

प्रश्न : सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/२२ ठेवतो, तरी फोटो मऊ का?

उत्तर : त्या एफ/२२ मुळेच. छिद्र लहान झालं की प्रकाश कडांवर पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा ठिपका होतो. एफ/२२ ला तो सुमारे ३० मायक्रॉनचा असतो, एफ/११ ला १५ चा. २४ मेगापिक्सलच्या सेन्सरवर एक पिक्सल ६ मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. एफ/११ वर थांबा, फार तर एफ/१६. त्यातही भागलं नाही तर एफ/८ ला जवळ, मध्ये आणि दूर असे तीन फोकस घेऊन फोटो जोडा. वाऱ्याने गवत हलत असेल तर हा उपाय फसतो, जोडणीच्या जागी गवताची पाती दुहेरी दिसतात.

प्रश्न : ८५ एफ/१.८ ने उन्हात पोर्ट्रेट काढताना तीन अडचणी येतात : फोटो पांढरा पडतो, एक डोळा मऊ येतो आणि मागचे गोल कधीकधी कापल्यासारखे दिसतात.

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी. कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१.८ ला शटर १/८००० च्या आसपास लागतं. कॅमेरा १/४००० लाच थांबत असेल तर फोटो पांढरा पडणारच. तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावा, नाहीतर माणसाला सावलीत घ्या. सावलीच बरी. उन्हात डोळे मिचकावले जातात, त्यावर लेन्सकडे इलाज नाही.

दोन मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्ट भाग पुढे-मागे मिळून फक्त ६ सेमी असतो, दीड मीटरवरून साडेतीन. चेहरा थोडा वळलेला असला की दूरचा डोळा त्याबाहेर जातो. एफ/२.८ करा आणि डोळा ओळखणारा फोकस कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर ठेवा. दोघं जण असतील तर एफ/४, आणि दोघांचे चेहरे सेन्सरला समांतर एका रेषेत.

कापलेले गोल म्हणजे इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर (यात शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सर करतो). छिद्र मोठं आणि शटर १/१००० च्या पुढे गेलं की त्यात धूसर गोलांची एक बाजू खाल्ली जाते. मेनूमध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर निवडा. गोल फक्त चौकटीच्या कडेला बदामासारखे होत असतील तर तो दोष शटरचा नव्हे. लेन्सच्या नळीत तिरका प्रकाश अडतो, एफ/२.८ ला ते बरेचसे गोल होतात.

प्रश्न : जुन्या डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसवर अडॅप्टरने चालतील का?

उत्तर : कॅनन ईएफ लेन्स आरएफ कॅमेऱ्यावर कंपनीच्या अडॅप्टरने व्यवस्थित चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो. जुन्या एएफ-डी लेन्सना कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर लागते आणि ती एफटीझेडमध्ये नाही, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागेल.

प्रश्न : नव्या वाईड लेन्समध्ये फोटोची उजवी बाजू मऊ येते. लेन्स खराब की माझी चूक?

उत्तर : भिंतीचा फोटो काढून निकाल लावू नका. कॅमेरा किंचित तिरका असला तरी एक बाजू मऊ येतेच. ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/४. दूरची एकच बारीक वस्तू घ्या, इमारतीवरचा अँटेना किंवा पाटी. ती चौकटीच्या चारही कोपऱ्यांत एकेकदा आणा, प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात फोकस करा आणि प्रत्येकी तीन फोटो काढा. मग १०० टक्के मोठे करून शेजारी-शेजारी ठेवा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव, एफ/८ ला सुधारेल. तीन चांगले आणि एक वाईट असेल तर आतलं भिंग मध्यापासून सरकलं आहे. एफ/८ वरही तो कोपरा मागे राहिला तर बदलून घ्यायची मुदत संपण्याआधी लेन्स परत करा. झूम असेल तर हीच तपासणी दोन्ही टोकांना आणि मध्ये एकदा करा. १६ ला ठीक आणि ३५ ला वाकडी, अशाही लेन्स निघतात.