लॅपटॉप दहा मिनिटांत बंद, आणि म्हणे ओल लागली!

प्रश्न: मी डिचोलीला राहते. घरून चार-पाच दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स करून देते. नऊ महिन्यांपूर्वी म्हापशातल्या एका दुकानातून ५८,००० रुपयांना लॅपटॉप घेतला, वॉरंटी एका वर्षाची. गेले दोन महिने तो चालू केला की दहा-पंधरा मिनिटांत बंद पडतो. सर्व्हिस सेंटरने दोनदा ‘दोष आढळला नाही’ असं लिहून परत दिला. तिसऱ्यांदा म्हणाले, आत ओल गेलीय, मदरबोर्डचे ३१,००० लागतील, वॉरंटीत बसत नाही. लॅपटॉप परत घेऊन आले आहे. ओळखीचा मेकॅनिक ४,५०० रुपयांत करून देतो म्हणतो. करून घेऊ, की पोलिसांत ४२०ची तक्रार देऊ?

उत्तर: दोन्ही नको. ४२० आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेलं, पण अट तीच आहे: विकतानाच फसवायचा इरादा होता हे दिसायला हवं. बिघडलेली वस्तू म्हणजे फसवणूक नव्हे. आणि मेकॅनिकने स्क्रू काढला की समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणणार, ‘बाहेरच्या माणसाने उघडला होता.’ ४,५०० मध्ये भागवायला जाल आणि ५८,००० चा दावा घालवाल.

तुमची खरी अडचण अशी की हा बिघाड मनाला येईल तेव्हा दिसतो. टेबलावर ठेवला की पाच मिनिटं नीट चालतो, आणि तेवढ्यात सेंटरवाला शेरा मारून मोकळा. म्हणून बिघाड आधी तुम्हीच पकडा. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा, पंख्याखाली. चार्जर लावून एकदा, काढून एकदा, बंद पडेपर्यंत मोबाइलवर न थांबवता व्हिडिओ काढा. बाजूला घड्याळ दिसू द्या. मग तसाच बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या) स्क्रीनवर नेऊन सोडून द्या. तिथे विंडोज चालूच झालेलं नसतं, त्यामुळे तिथेही बंद पडला तर ‘व्हायरस असेल, विंडोज नवीन टाका’ हे उत्तर संपलं. विंडोज चालू असताना बंद पडला, त्या वेळांची ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, सापडेल. कारण ती सांगत नाही, पण मशीन आधी नीट शटडाऊन न होता बंद पडलं होतं हे सांगते; तिच्यावरची तारीख-वेळ मात्र मशीन पुन्हा चालू झाल्याची असते. त्या पानांचे फोटो घ्या. आणि हे सगळं करण्याआधी गिऱ्हाइकांचा डेटा बाहेर काढा. सेंटर डेटाची जबाबदारी घेत नाही.

आता ओलीचं. गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, हे न्यायाधीशांना सांगायची गरज नाही. हवेतला दमटपणा वेगळा आणि पाणी सांडणं वेगळं. वॉरंटीतून वगळायचं तर ओल कुठे दिसली, बोर्डाच्या कुठल्या भागावर गंज आहे, याचे फोटो आणि लेखी अहवाल ईमेलने मागा. पहिल्या दोन वेळी मशीन उघडलं होतं का, हेही विचारा. उघडलं असेल तर तेव्हा ओल कशी दिसली नाही? नसेल, तर ‘दोष नाही’ कशावरून ठरवलं? सेंटरने ‘दोष आढळला नाही’ लिहून दिलेले ते दोन कागद, म्हणजे जॉब शीट, तुमच्या बाजूच्या आहेत, जपून ठेवा. (चहा खरंच सांडला असेल तर आत्ताच वकिलाला सांगा. उलटतपासणीत कळलेला चहा फार महाग पडतो.)

पहिली तक्रार वॉरंटीत नोंदली गेली आहे, तेव्हा पुढे वर्ष संपलं म्हणून घाबरू नका. दुकानदार, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरात असलं तरी. मुदत दोन वर्षं. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी नाही. ‘लॅपटॉप धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईलच. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने ‘धंद्यासाठी’च्या व्याख्येतून वगळली आहे. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा.

गरज पडली तर आयोग मशीन तपासणीला पाठवतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. अशा प्रकरणाला कायद्यात पाच महिने लिहिलेत. मी अशिलांना त्याहून जास्त धरून चालायला सांगतो. मागणी दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, आणि नुकसानभरपाई. बुडालेल्या कामाचा आकडा मात्र बिलांवरून काढा, रागावरून नको.

नोटिशीच्या आधी सेंटरने ‘एकदा परत आणून द्या’ म्हटलं तर द्या, पण व्हिडिओ त्यांना दाखवून, आणि जॉब शीटवर ‘दहा ते पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो’ एवढं लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. परत घेताना ‘समाधानकारक’च्या खाली सही मागतात. तिथे ‘तक्रार कायम’ लिहा, मग सही करा.