'सिंगर-साँगरायटर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे. एक वाचक जॉन प्राइन या अमेरिकी गायकावर मराठीत लेख लिहीत आहेत. इंग्रजीत त्याची ओळख 'फोक आणि कंट्री सिंगर-साँगरायटर' अशी करून देतात. त्याच्या गाण्यांना 'अकूस्टिक' आणि 'हार्टफेल्ट' म्हणतात आणि त्याने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली म्हणून त्याला 'इंडिपेंडंट'ही म्हणतात. वाचकांनी खर्ड्यात लिहिलं: 'लोकसंगीत व ग्रामीण संगीताचा स्वतंत्र गीतकार-गायक, याचं ध्वनिक संगीत हृदयस्पर्शी आहे.' वाक्य वाचून त्यांचंच समाधान झालं नाही. यातलं काय ठेवावं, काय बदलावं? आणि नावं मराठीत कशी लिहावीत?

समाधान झालं नाही ते योग्यच झालं. यातला प्रत्येक शब्द कोशात सापडतो, पण मराठीत त्या प्रत्येकाला आधीच दुसरं काम लागलेलं आहे. सगळ्यात जास्त अडचण 'गीतकार' या शब्दाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आकाशवाणीवर भावगीत लागायच्या आधी निवेदक तीन नावं सांगत: गीत अमुक यांचं, संगीत तमुक यांचं, स्वर अमक्यांचा. ही तिहेरी वाटणी आपल्या कानात इतकी पक्की बसली आहे, की 'गीतकार' म्हटलं की मराठी माणसाला फक्त शब्द लिहिणारा दिसतो. सुधीर फडके चाल लावत आणि गातही असत, पण 'गीतरामायणा'चे शब्द गदिमांचे. म्हणून तिथे फडके संगीतकार आणि गायक, गदिमा गीतकार. आता 'गीतकार-गायक' वाचल्यावर शब्द याचे आणि गळा याचा एवढं कळतं. चाल कोणाची, हा प्रश्न तसाच उरतो. इंग्रजी 'साँगरायटर'मध्ये चाल आतच असते, आपल्या 'गाणं लिहिणं'मध्ये ती नसते. गाणं लिहून झालं की आपण विचारतो, 'चाल कोण लावणार?'

मग शब्द आणि चाल एकदम सांगणारं क्रियापद आपल्याकडे आहे का? आहे, आणि चांगलं रुळलेलं आहे: 'रचणं'. शाहीर पोवाडा रचतो, कीर्तनकार पद रचतात. गवई बंदिश 'बांधतो', तिथेही बोल आणि सूर वेगळे काढता येत नाहीत. 'तुम्ही पद लिहिलंत की रचलंत?' असं विचारलं तर फरक कोणत्याही जाणत्या माणसाच्या लगेच लक्षात येईल. यातूनच 'स्वरचित' हा शब्द आला. कविसंमेलनात 'स्वरचित कविता सादर करतो' हे आपण ऐकतोच. तेव्हा 'स्वरचित गाणी गाणारा' हे माझं पहिलं उत्तर. यात जोडशब्दाची ओढाताण नाही, चाल बाहेर राहत नाही आणि वाचकाला अडखळायला होत नाही. बाईबद्दल लिहायचं तर 'स्वरचित गाणी गाणारी गायिका', तेही सरळ बसतं.

काहीजण इथे 'वाग्गेयकार' सुचवतील. शब्द अर्थाने अगदी नेमका आहे आणि मला तो फार प्रिय आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वाग्गेयकाराची व्याख्याच दिली आहे: 'वाचं गेयं च कुरुते यः स वाग्गेयकारकः'. शब्द आणि गेय, दोन्ही जो करतो तो. शब्दांना तो 'मातु' म्हणतो, सुरावटीला 'धातु'. उत्तम वाग्गेयकाराच्या गुणांची जी लांब यादी त्याने दिली आहे, तिच्यात व्याकरण, छंद, रस यांच्या जोडीला 'हृद्यशारीरशालिता' आहे, म्हणजे मनाला भावेल असा गळा. म्हणजे लिहिणारा, चाल देणारा आणि गाणारा अशी तिन्ही अंगं त्या एका शब्दाच्या आसपास आहेत, आणि तो ग्रंथ आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला. तरीही प्राइनवरच्या लेखात मी हा शब्द सरसकट वापरणार नाही. आज तो ख्यालाच्या बंदिशी आणि कर्नाटक संगीतातल्या कृती यांच्या संदर्भात रुळला आहे. गिटार घेऊन खुर्चीवर बसलेल्या माणसाला तो लावला की वाचकाचं लक्ष गाण्यावरून शब्दाकडे जातं. लेखात एकदा त्याचा उल्लेख करून, अर्थ सांगून पुढे जावं.

'अमेरिकेचा शाहीर' हा दुसरा मोह. शाहीरही स्वतः रचतो आणि स्वतः गातो, हे खरं. (त्यातही जोड्या होत्याच: होनाजी-बाळामध्ये रचना होनाजीची, गळा बाळाचा.) पण शाहीर म्हटलं की डफ-तुणतुणं, मागे 'जी जी' धरणारे झीलकरी, समोर जमाव आणि त्याच्यावर घुमणारा पहाडी आवाज हे सगळं सोबत येतं. वुडी गथ्री या फोक गायकाने गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' अशा अर्थाची ओळ लिहिली होती. त्याला शाहीर म्हटलं तर मी हरकत घेणार नाही, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शेजारी तो शोभेल. प्राइन मात्र जमावाला हाक देणारा नव्हता. जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसा तो गात असे. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तर त्याचा आवाज अधिकच खाली उतरला आणि खरखरीत झाला.

आता 'फोक'. इथे मराठीनेच एक वाट दाखवली आहे. 'लोक' हे पद आपण दोन तऱ्हांनी वापरतो. 'लोकगीत' म्हणजे कर्ता ठाऊक नसलेलं: जात्यावरच्या ओव्या, भलरी. आणि 'लोकशाहीर', 'लोककवी' म्हणजे नावानिशी ओळखला जाणारा, पण लोकांसाठी आणि लोकांमध्ये गाणारा. वामनदादा कर्डकांना आपण लोककवी म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. गावोगाव फिरून त्यांनी आपली गाणी गायली, आणि ती आज असंख्य तोंडी आहेत. इंग्रजी 'फोक'मध्ये हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. आधी तो अनाम गाण्यांचा शब्द होता, पुढे १९५०-६०च्या दशकांत कॅफेंमध्ये गिटार घेऊन नवी गाणी गाणाऱ्यांनाही लागू झाला. शिकागोत तर १९५७ पासून 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक' नावाची शाळाच आहे. प्राइननेही तिथे गिटारचे धडे घेतले. म्हणून त्याच्या गाण्यांना 'लोकसंगीत' म्हणू नये, कारण ओवी ऐकू येईल. 'लोकगायक'ही नको, कारण मग विठ्ठल उमप डोळ्यांपुढे येतात. 'फोक' तसाच ठेवावा. गझल आणि कव्वाली या शब्दांचं आपण कुठे भाषांतर केलं? संगीतप्रकाराचं नाव हे त्याचं नावच असतं.

तरीही फोकमधून लोकगीताकडे जाणारी वाट असते, आणि ती प्राइनच्याच एका गाण्यात दिसते. त्याचे आईवडील मूळचे केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग काउंटीतले. तिथे ग्रीन नदीकाठी 'पॅरडाइज', म्हणजे 'स्वर्ग', नावाचं खरोखरीचं गाव होतं. कोळशाच्या खाणींनी तो मुलूख पोखरला. शेजारच्या वीजकेंद्राची राख गावावर पडू लागली आणि १९६७ मध्ये गाव उठवण्यात आलं. प्राइनने वडिलांसाठी गाणं रचलं. त्यात मुलगा बापाला म्हणतो, मला तिकडे घेऊन चला. बाप म्हणतो, उशीर झाला रे, कोळशाच्या गाडीत घालून ते गाव केव्हाच नेलं. कंपनीचं नावसुद्धा गाण्यात घेतलं आहे. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी त्याने टेप घरी नेऊन वडिलांना ऐकवली. आपलं गाणं सुरू झालं तेव्हा वडील शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, तर गाणं ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रावर, लागलं आहे असं मानून ऐकायचं होतं. रेकॉर्ड निघण्याआधीच ते वारले. आज ते गाणं ब्लूग्रास या बँजो-फिडलच्या अमेरिकी संगीतप्रकाराच्या मैफलींत इतक्या सहजपणे गायलं जातं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाटावं. हा प्रवास लेखात जरूर सांगा.

'कंट्री'ला 'ग्रामीण' मात्र मुळीच म्हणू नका. मराठीत 'ग्रामीण' म्हणजे ग्रामीण रुग्णालय, ग्रामीण पोलीस, ग्रामीण साहित्याची चळवळ. कंट्रीच्या गाण्यांत ट्रक असतात, दारूचे गुत्ते, घटस्फोट, तुरुंग, देऊळ म्हणावं तसं चर्च, आणि त्याची राजधानी नॅशव्हिल हे चांगलं मोठं शहर आहे. खुद्द प्राइन शिकागोजवळच्या मेवूडचा. टपाल वाटण्याचं काम करायचा आणि त्या फेऱ्यांमध्ये गाणी जुळवायचा. १९७१ च्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र कंपनीने त्याला वाळल्या गवताच्या गठ्ठ्यांवर बसवलं. आपण जन्मात कधी गवताच्या गठ्ठ्यावर बसलो नव्हतो, असं तो पुढे सांगत असे. 'कंट्री' या शब्दाने गावाचं चित्र कसं आपोआप डोळ्यांपुढे उभं राहतं, त्याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

आणि ही दोन नावं तरी कुठे वेगळी होती? १९२७ मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा व्यापारी या संगीताला 'हिलबिली' म्हणत. डोंगरातला अडाणी, असा त्याचा हिणवणारा भाव. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९४४ मध्ये ज्यूकबॉक्सवर वाजणाऱ्या या गाण्यांची यादी सुरू केली, तेव्हा तिच्या नावात 'फोक' होतं. १९४९ मध्ये ते काढून 'कंट्री अँड वेस्टर्न' घातलं. म्हणजे पाचेक वर्षं आजचं कंट्री हेच बाजारात फोक होतं. प्राइनला दोन्ही घरं आपली वाटत, यात नवल नाही.

'स्वतंत्र'बद्दल थोडक्यात सांगतो. 'स्वतंत्र कथा' म्हणजे अनुवादित किंवा बेतलेली नसलेली. त्यामुळे 'स्वतंत्र गायक' वाचून अर्थ भलतीकडे जातो. इथे सांगायचं आहे ते पैशाच्या व्यवहाराबद्दल, तर तेच सांगावं: मोठ्या कंपन्या सोडून त्याने १९८१ मध्ये मॅनेजर अल बुनेटा यांच्यासोबत 'ओह बॉय रेकॉर्ड्स' काढली, आणि चाहत्यांनी पुढच्या रेकॉर्डचे पैसे आगाऊ पाठवून दिले. त्याच कंपनीने काढलेल्या १९९१ च्या 'द मिसिंग इयर्स'ला समकालीन फोकचं ग्रॅमी मिळालं. एवढं लिहिल्यावर विशेषणाची गरज उरत नाही.

'ध्वनिक संगीत'ही काढून टाका. संगीत ध्वनीचंच असतं. 'अकूस्टिक' हे विशेषण गिटारला लागलं तेच मुळी विजेवरची गिटार आल्यावर, जसा यंत्रमाग आल्यावर साधा माग 'हातमाग' झाला. 'अकूस्टिक गिटार' हा शब्द आज मराठी मुलंमुली रोज बोलतात, तो खुशाल वापरा. पण त्याहून चांगलं म्हणजे काय ऐकू येतं ते लिहा. प्राइनचा अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने पडत ठेका धरतो आणि त्याच वेळी बोटं वरच्या तारांवर चाल छेडतात. एका हातात ताल आणि सूर दोन्ही. या वादनपद्धतीला ज्याचं नाव आहे तो मर्ल ट्रॅव्हिसही म्यूलनबर्ग काउंटीचाच. वडिलांच्या मुलखाचं वाजवणं मुलाच्या बोटांत आलं, असं म्हणायला जागा आहे.

शेवटचं विशेषण 'हार्टफेल्ट'. 'हृदयस्पर्शी' हे ऐकणाऱ्याचं काय होतं ते सांगतं, 'हार्टफेल्ट' गाणाऱ्याच्या बाजूने बोलतं. 'मनापासून गायलेलं', 'जिव्हाळ्याचं', कधी 'पोटातून आलेलं' हे जास्त जवळचे. मात्र मनापासून म्हणजे स्वतःबद्दल, असं वाचकाला वाटू देऊ नका. प्राइनचं 'एंजल फ्रॉम माँटगोमेरी' हे गाणं एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचं आहे. संसारात गुदमरलेली, सुटकेची वाट पाहणारी ती बाई 'मी' म्हणून बोलते, आणि गाणारा विशीतला टपालवाला. आपल्याला हे परकं वाटू नये. लावण्या रचणारे बहुतेक शाहीर पुरुष होते आणि लावणीतली 'मी' बाई. संतांच्या विराण्यांतही तेच. दुसऱ्याचं मन स्वतःचं करून गाणं यालाही मराठीत मनापासून गाणंच म्हणतात.

तेव्हा मी तुमचा परिच्छेद असा लिहीन: 'जॉन प्राइन (१९४६–२०२०) हा स्वरचित गाणी गाणारा अमेरिकी कलावंत. तरुणपणी शिकागोजवळ टपाल वाटता वाटता तो गाणी रचत असे. फोकवाले आणि कंट्रीवाले दोघेही त्याला आपला मानतात. एक अकूस्टिक गिटार, मोजके स्वरमेळ आणि बोलण्याच्या लयीतलं गाणं एवढ्यावर त्याने म्हातारी माणसं, युद्धावरून परतलेले सैनिक आणि खाणीत गेलेली गावं यांच्याबद्दल अतिशय जिव्हाळ्याने गायलं. १९८१ पासून तो स्वतःच्याच कंपनीतून रेकॉर्ड काढत असे.'

नावाच्या लेखनाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. उच्चार 'प्राइन' असा आहे, 'प्रीन' किंवा 'प्राईने' नाही. गाण्याच्या नावातलं माँटगोमेरी हे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं शहर. मराठी नकाशांत ते 'माँटगोमेरी' असंच छापतात, तर लेखातही तेच ठेवा. वाचकाला शोधायला सोपं जाईल.