लॅपटॉपसोबत आलेली विंडोज परत टाकताना प्रॉडक्ट की (विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायचा, म्हणजे अधिकृत ठरवायचा कोड) कुठून आणायची?

अरे, की विकत घेऊ नकोस, थांब जरा! विंडोज ८ पासून कंपन्या लॅपटॉपवर स्टिकरवर की छापत नाहीत, ती मदरबोर्डच्या बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) असते, त्यामुळे इन्स्टॉल करताना सेटअप ती स्वतःच उचलतं, आणि तरी विचारलीच तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा ऑप्शन निवडून पुढे जायचं.

फक्त एडिशन (होम, प्रो असा विंडोजचा प्रकार) लॅपटॉपसोबत आलेली तीच पाहिजे. होम आली असेल तर होमच टाक, लोक हौसेनं प्रो टाकतात आणि मग अ‍ॅक्टिव्हेट होत नाही म्हणून बोंबलत बसतात. आधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून एडिशन बघून ठेव, लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घे म्हणजे पुढे मदरबोर्ड बदलावा लागला तर ट्रबलशूटरमधून (विंडोजच्या अडचण सोडवणाऱ्या टूलमधून) परत अ‍ॅक्टिव्हेट करायचा प्रयत्न तरी करता येतो, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहूनच ठेव.

इन्स्टॉल करायला पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा, रिकामा. त्यावर विंडोज भरणारं मीडिया क्रिएशन टूल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घे. फोटो, डॉक्युमेंट आधी बाहेर काढ, पार्टिशन (डिस्कचा भाग) उडवलं की गेलं सगळं. नंतर नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेशन बहुतेक वेळा आपोआप होतं, आणि नाही झालं तरी ते क्रॅकवाले अ‍ॅक्टिव्हेटर अजिबात लावू नकोस, पैसे भरून घेतलेलं लायसन्स आहे तुझ्याकडे, कशाला व्हायरस घरात घेतोस?