मत्स्यपिलांची वाढ मोजताना आरएनए-डीएनए गुणोत्तर कसं सांभाळावं

पेशीतलं डीएनए जवळपास ठरलेलं असतं, आरएनए मात्र प्रथिनं बनण्याच्या वेगाबरोबर कमी-जास्त होतं. म्हणून पिलू उपाशी राहिलं की हे गुणोत्तर काही दिवसांतच खाली येतं. लांबीत तो फरक दिसायला वेळ लागतो.

नवख्यांची खरी चूक यंत्रापाशी होत नाही, जाळ्यापाशी होते. मेलेलं पिलू टेबलावर राहिलं की आरएनए तुटू लागतं आणि धडधाकट पिलूही उपाशी ठरतं. पकडल्याबरोबर लांबी मोजा, द्रव नायट्रोजनमध्ये टाका, पुढे उणे 80 अंशांवर ठेवा. फॉर्मालिन नकोच. हातमोजे घालाच, बोटांवरचं आरएनेझ (आरएनए तोडणारं विकर) नमुना खातं. पिलू मोठं असेल तर आतडं काढून फक्त पाठीचा स्नायू घ्या, नाहीतर पोटातल्या खाद्याचं डीएनएही मोजलं जाईल.

नमुन्याच्या अर्कात इथिडियम ब्रोमाइड (डीएनए-आरएनएला चिकटून चमकणारा रंग) घालून एकूण चमक मोजा, मग आरएनेझ घालून पुन्हा मोजा. उरलेली चमक डीएनएची, घटलेली आरएनएची. दोन्हींचं प्रमाण आपापल्या प्रमाणित वक्रावरून (माहीत असलेल्या प्रमाणांची चमक मोजून काढलेल्या रेषेवरून) काढा. हा रंग जनुकांना घातक आहे, जपून हाताळा.

आणि पाण्याचं तापमान नोंदवाच. थंड पाण्यात तेवढ्याच वाढीला जास्त आरएनए लागतं, त्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.