वाचक विचारतात : १९३० चं सोलापूर आणि प्लास्टिकच्या भिंती

प्रश्न : ताई, मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मे १९३० चं सोलापूर करतोय, मार्शल लॉ लागायच्या आधीचा भरदुपारचा मोर्चा. घरं, माणसं, झेंडे सगळं आहे पण रेंडर (शेवटी तयार होणारं चित्र) गेमसारखा दिसतो, प्लास्टिक एकदम. टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) अगदी बारीक, ८के लावले तरी तेच. आता काय करू? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : अरे, टेक्स्चर राहू दे, आधी ऊन बघ की! पाठवलेल्या चित्रात भरदुपारी सावल्या हातभर लांब पडल्यात. गांधीजींना अटक झाल्यावर गाव पेटलं ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात, १२ मेला मार्शल लॉ लागला, आणि नेमका त्याच सुमाराला आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, बाराच्या पुढे थोडा वेळ तर सावली पायाखालीच जाते. सन पोझिशन नावाचं अ‍ॅड-ऑन आहे, त्यात सोलापूरचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ टाक, सूर्य आपोआप जागेवर जातो. मोर्चा संध्याकाळचा केलास तर लांब सावल्या खुशाल ठेव, माझं काही म्हणणं नाही.

प्लास्टिकचं म्हणशील तर तुझ्या भिंतींच्या कडा ब्लेडसारख्या धारदार आहेत, खऱ्या घराचा कोपरा बैलगाडी घासून, पोरं टेकून झिजलेला असतो. कडा गोलसर करणारा बेव्हल मॉडिफायर लाव, अगदी बारीक. आणि रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) सगळीकडे एकच ठेवलास म्हणून सगळं सारखंच चमकतंय, त्यात नॉइज (थोडा अनियमित कमी-जास्तपणा) टाक, आणि भिंतीच्या खालच्या हातभर भागाला फुफाट्याचा रंग चढू दे, मे महिना आहे बाबा.

कौलारू छपरं कुठून आणलीस? रेडीमेड मॉडेल डाऊनलोड केलं ना? जुन्या पेठांमधनं जरा फिरून ये, जिथं जुनं माळवद (सपाट मातीचं छप्पर) अजून उभं असेल तिथं पन्हळीचे फोटो काढ, पाण्याचा ओघळ भिंतीवर कसा उतरतो तेवढं नीट टिप, ते इंटरनेटवर मिळत नाही.

आणि झेंडा! अशोकचक्र १९४७ चं. १९३० च्या झेंड्यात वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल आणि या पट्ट्यांवर मधोमध चरखा, केशरी पट्टा आला १९३१ ला. हुतात्म्यांच्या गावात हे चुकलं तर कमेंटमध्ये लोक सोडणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

सुधारून परत पाठव, पण लहान साइजमध्ये, मागची फाइल उघडेपर्यंत माझा चहा गार झाला.