‘सर्व पेन्सिली लाकडी आहेत. काही लाकडी वस्तू लाल आहेत.’ यावरून ‘काही पेन्सिली लाल आहेत’ असा निष्कर्ष निघतो का?

नाही निघत. दोन विधानांना जोडणारं पद आहे ‘लाकडी’, आणि एकही विधान सगळ्या लाकडी वस्तूंबद्दल काही सांगत नाही. ज्या लाल आहेत त्या नुसत्या खुर्च्याही असू शकतील.

वेन आकृती (प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ) काढताना बहुतेक जण सुचेल ती पहिली आकृती काढतात, निष्कर्ष तिच्यात बसला की खूश! करायचं उलटं: विधानं खरी राहून निष्कर्ष खोटा पडेल अशी आकृती मुद्दाम शोधायची. इथे ‘लाकडी’च्या मोठ्या वर्तुळात पेन्सिलींचं छोटं वर्तुळ काढा, ‘लाल’चं वर्तुळ मोठ्याला छेदू दे, पण छोट्याला शिवू देऊ नका. अशी एक आकृती सापडली की निष्कर्ष बाद.

मात्र ‘काही पेन्सिली लाल आहेत’ आणि ‘एकही पेन्सिल लाल नाही’ असे दोन्ही निष्कर्ष दिले असतील, तर उत्तर ‘दोन्हींपैकी एक’. सुटा एकही सिद्ध होत नाही, पण दोन्ही एकाच वेळी खोटे पडूच शकत नाहीत. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

आणि हो, ‘काही’ म्हणजे निदान एक. सर्वच्या सर्व असले तरी ‘काही’ खरंच राहतं.